बोनेटवर उघडलेली दप्तरं

काळीपिवळी जीपचा परवाना नऊ माणसांचा असतो. माझ्या जीपमध्ये सकाळी दारव्ह्याच्या शाळेची एकोणीस पोरं बसायची. पोरं माणसांत धरायची नसतात, असं आम्ही सगळ्यांनीच मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणजे मी, त्यांच्या आईबापांनी, शाळेनं आणि चौकातल्या हवालदारानंसुद्धा. मागच्या पायरीवर चारपाच पोट्टे लटकून यायचे. त्याची काळजी कधी कुणाला वाटली नाही. काळजी कशाची वाटली, ते सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे.

मी सातवी शिकलो. कापूस बाजारात हमाली केली, मग एका ट्रकवर क्लीनर झालो, मग दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर, आणि शेवटी स्वतःची जुनी जीप घेतली. दारव्हा ते पळसोडी या सडकेवर मी वीस वर्षं गाडी चालवली. कुणाच्या बापाचं नाव सांगून नाही, तर घासाघीस करून. आमच्या धंद्यात भाव करता आला पाहिजे आणि आवाज मोठा पाहिजे. माझ्याकडे दोन्ही होतं. एकदा एक म्हातारा बकरी घेऊन चढला आणि बकरीचे पैसे द्यायला तयार होईना.

"ते उभी राहून येते न बे, बसत थोडीच आहे?" म्हणाला.

"मग तुमीबी उभे राहा," मी म्हणालो. तो हट्टी निघाला. छताला डोकं टेकवून, कंबरेत वाकून दारव्ह्यापर्यंत उभा आला, पण पैसे दिले नाहीत. अशी गिऱ्हाइकं मला आवडायची.

भाव करता करता एक गोष्ट मी शिकलो होतो. जो माणूस खोट काढतो, सीट फाटली आहे म्हणतो, काच नाही म्हणतो, तो गाडीत बसणारच असतो. त्याला फक्त भाव थोडा वाकवून हवा असतो. ज्याला खरंच यायचं नसतं तो गप्प राहतो आणि दुसऱ्या गाडीकडे चालू लागतो. गप्प गिऱ्हाईक सांभाळायचं असतं. हे ज्ञान माझ्या कामाला आलं ते भलत्याच ठिकाणी.

कापसाचे भाव पडलेले होते ती वर्षं. बाया लावून कापूस वेचून घ्यावा तर मजुरीतच सगळं जायचं, म्हणून घरोघर घरचीच माणसं वेचणीला उतरायची. दिवाळी होऊन गेली होती, बोंडं फुटून पऱ्हाटी पांढरी झाली होती. अशात बातमी आली. दूरच्या एका जिल्ह्यात, एका शाळेत, मधल्या सुट्टीत नववीच्या पोराने वर्गातल्याच पोरावर चाकू चालवला. पोरगं वाचलं नाही. पेपरात हे आतल्या पानावर चार ओळींत होतं. नेरहून आलेल्या एसटीतल्या एका बाईने दोन पोरं गेल्याचं सांगितलं. दारव्ह्याच्या बाजारात तीन झाली. पळसोडीच्या पारावर पोचेस्तोवर तर एक टोळीच तयार झाली, जी शाळाशाळांतून फिरत होती आणि आता आमच्या तालुक्यात उतरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थांब्यावर सहा पोरं उभी होती. त्यांत पोरगी एकही नव्हती.

मी काही समाजसेवक नाही. पहिला विचार माझ्या धंद्याचाच आला, हे कबूल करतो. पण रिकाम्या गाडीत मागे पाहिलं की डाव्या कोपऱ्यातली जागा दिसायची. तिथे पुंडलिकरावांची अर्चना बसायची. ती दहावीला होती. पळसोडीतून दहावीपर्यंत पोचलेली ती दुसरीच पोरगी. गाडी हलत असतानाही तिचं वाचन चालू असायचं. चिडवणाऱ्या पोट्ट्यांना वर न पाहता म्हणायची, "बोल, बोल. तुह्या आवाजानं मले पाठ होते."

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. पुंडलिकराव अंगणात कापसाची गाठोडी बांधत होते.

"वातावरण ठीक नाही, शालिकभाऊ," ते म्हणाले. "पोरीचं काम आहे."

"आपल्या शाळेत काही झालं का?"

"झालं नाही. पण झाल्यावर काय करता? अन् तुमच्या गाडीत गर्दी किती राह्यते. पोट्टे लटकून राह्यतात. पोरगी बसन तरी कशी?"

"मग काय, दहावी सोडता?"

"सोडत नाही न. पुढच्या साली बसन. जाते कुठं दहावी?"

खोट काढत होते. मला बरं वाटलं. भीती थोडी होती, पण वेचणीला दोन हात जास्त मिळतात हेही होतं. हा माणूस वाकणार, हे मी ओळखलं. पण दारात कुसुमबाई उभी होती, अर्चनाची आई. केसांत कापसाचे तंतू, हातात कंदील. ती काहीच बोलत नव्हती. मी तिच्याकडे वळलो.

"वहिनी, तुमी काहून गप्प?"

"काय बोलू, भाऊ?" ती म्हणाली. "हे म्हणतात टोळी आहे. मले टोळीचं भेव नाही. तिथं तर वर्गातलंच पोट्टं होतं. आपल्या गाडीतल्या कोणाच्या दप्तरात काय आहे, तुमाले तरी माहीत आहे का? अन् पोरगी सकाळी गेली की सांजलोक मले काय मालूम, पोचली का नाही? मी तिकडं वावरात मरून राह्यते."

तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. इतक्या वर्षांत मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सौदा मांडला. आठ दिवस द्या, म्हणालो. एका फेरीत दहाच पोरं नेतो, दोन फेऱ्या करतो, कुणी लटकणार नाही. डावा बाक फक्त पोरींचा राहील. गाडीत चढायच्या आधी प्रत्येकाचं दप्तर मी स्वतः उघडून पाहीन. पोरांना सडकेवर न सोडता फाटकाच्या आत, शिपायाच्या नजरेसमोर उतरवीन. आणि परत येताना, सगळे सुखरूप पोचले असतील तरच, गावाच्या वावरांजवळ तीन लांब हॉर्न देईन.

"तीन?" कुसुमबाईने विचारलं.

"तीन. दोन वाजले तर समजा, काही तरी आहे. मी तुमच्या बांधावर येतोच."

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "धाडते," म्हणाली.

तोच सौदा मी तीन गावांत, घरोघर केला. आठवड्याभरात पोरं पुन्हा सतरा झाली. हॉर्न सुरू झाले. सडकेच्या दोन्ही बाजूंना वावरात बाया वाकलेल्या असायच्या. पहिला हॉर्न वाजला की उभ्या राहायच्या, तिसरा वाजला की हात हलवायच्या. एक म्हातारा तेवढा रोज ओरडायचा, "अबे, कायले ठणाणा करतं? ढोरं बुजून राह्यले माहे!" त्याच्यासाठी मी चौथा हॉर्न द्यायचो.

दप्तरांचं सांगतो. पहिल्याच दिवशी पाच दप्तरांत विळे निघाले. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसेल. आमच्याकडे यात काहीच नवल नव्हतं. पोरं संध्याकाळी गाडीतून उतरली की घरी जायच्या आधी धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं गवत कापायची, बकरीला, गोऱ्ह्याला. विळा घ्यायला घरी जाऊन परत यायचं म्हणजे अंधार पडायचा. म्हणून तो दप्तरातच असायचा, चिंधीत गुंडाळून, वह्यांच्या मध्ये. माझ्याही लहानपणी असाच होता. मी नियम केला की सकाळी विळे माझ्या सीटखाली ठेवायचे आणि संध्याकाळी उतरताना ज्याचा त्याने घ्यायचा. सगळ्यांनी मानला. पाच विळ्यांवर बसून मी गाडी चालवायचो.

इथपर्यंतचं सगळं मी छाती पुढे काढून सांगू शकतो. पुढचं तसं सांगता येत नाही.

शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, हे दारव्ह्याच्या जुन्या नोकरदार घरातले. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत. कधी आवाज चढवायचे नाहीत. मला त्यांच्या त्या हळू बोलण्याचाच राग यायचा. मोठ्याने बोलणाऱ्याशी भांडता येतं. एक दिवस मी दुसरी फेरी घेऊन पोचलो तर ते फाटकावर उभे होते, सोबत शहरातले दोनतीन पालक.

"शालिकराम," ते म्हणाले, "तुमच्या गाडीतल्या मुलांची दप्तरं आजपासून आम्ही फाटकावर तपासू. पालकांची तशी मागणी आहे. खेड्यावरून येणाऱ्या मुलांचं काय..."

"काय खेड्यावरून येणाऱ्या मुलांचं?"

"सांगता येत नाही, इतकंच."

माझ्या डोक्यात सणक गेली. तीन आठवडे मी दप्तरं तपासत होतो, दोन फेऱ्या मारत होतो, आणि हा माणूस मला आज सांगत होता. मी म्हणालो, "तुमी कायले त्रास घेता? मीच दाखवतो. माह्या गाडीतल्या एका दप्तरात टाचणी जरी निघाली, तर मिशी उतरवतो!"

पोरांना ओळीत उभं केलं आणि एकेक दप्तर बोनेटवर उघडू लागलो. वह्या, डबे, एक चिंचेचा गोळा. पोरं खुशीत होती. चौथं दप्तर अर्चनाचं होतं. गणिताच्या आणि भूगोलाच्या पुस्तकांमध्ये चिंधीत गुंडाळलेला विळा होता.

त्या सकाळी पळसोडीत टायर पंक्चर झालं होतं. उशीर झाला म्हणून दुसऱ्या फेरीतली दप्तरं मी पाहिलीच नव्हती. "चला, चला, बसा लवकर," म्हणून मीच सगळ्यांना आत ढकललं होतं. विळा सीटखाली ठेवायला तिला वेळच दिला नव्हता. हे मला त्याच क्षणी आठवलं. नंतर आठवलं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

अर्चना घाबरली नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आता काका सांगतील अशा नजरेने.

तेवढ्यात मागून एक पोट्टं ओरडलं, "काका, मिशी!"

सगळे हसले. शहरातले पालकही हसले. हेडसर हसले नाहीत, ते फक्त थांबले होते. आणि मी त्या पोरीवर ओरडलो, "काय सांगितलं होतं म्या? काय सांगितलं होतं तुले?" विळा उचलला आणि हेडसरांच्या हातात दिला. "घ्या सर. माह्याकडे कोणाची गय नाही."

तिला ऑफिसात बसवलं. मी गाडी वळवली. पळसोडीच्या वावरांजवळ आलो तेव्हा बाया पहिल्या हॉर्नची वाट पाहत होत्या. दोन हॉर्न दिले असते तर थांबावं लागलं असतं, कुसुमबाईच्या बांधावर जाऊन तोंडाने सांगावं लागलं असतं. मी तीन दिले.

संध्याकाळी अर्चनाला घरी सोडलं तेव्हा तिच्या हाती शाळेने चिठ्ठी दिली होती: संस्थेचा निर्णय होईपर्यंत मुलीला पाठवू नये. त्याच आठवड्यात दहावीचे फॉर्म बोर्डाकडे जायचे होते, आणि मुख्याध्यापकाची सही नसेल तर फॉर्म जात नाही. पुंडलिकरावांनी चिठ्ठी वाचली आणि घडी करून खिशात टाकली. "बरं झालं," म्हणाले, "उद्यापासून पोरगी वावरात येईन." त्यांना राग आलेला नव्हता, हे मला जास्त लागलं. जो सौदा मी घासून घासून जिंकला होता, तो त्यांना फुकटात परत मिळाला होता.

कुसुमबाई म्हणाली, "तुमचा हॉर्न आयकला म्या. तीन मोजले. मंग पुन्हा हात चालवला." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला काही तरी बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांकडे गेलो आणि ओरडलो. शिपायाने बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी डोकं वापरलं, असं मला वाटलं. सीटखालचे सगळे विळे पिशवीत भरले आणि त्यांच्या टेबलावर मांडले. "हे पाहा सर, हे गवताचे आहेत. रोज माह्या सीटखाली राह्यतात."

हेडसर खुर्चीतून उठले. "म्हणजे तुमच्या गाडीतून रोज इतके विळे शाळेपर्यंत येतात?"

तिथेही मला बाहेर काढलं.

चौथ्या दिवशी मी ओरडलो नाही. खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "सर, तुमाले काय पाह्यजे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, "शालिकराम, विळा कशाचा आहे ते मला कळत नाही असं समजू नका. पण फाटकावर तो तुम्ही माझ्या हातात दिलात. चार लोकांसमोर. आता मी तो परत कसा देऊ? उद्या काही झालं तर मला कुणी सोडेल?"

तो माणूस मला कधी नव्हे तो त्या दिवशी समजला. त्यालाही उतरायला जागा हवी होती, आणि ती मीच बंद केली होती.

त्यांना लेखी हवं होतं. दप्तर तपासण्याची जबाबदारी मी घेतली होती, ती त्या दिवशी पाळली नाही, चूक पूर्णपणे माझी आहे, मुलीचा दोष नाही. असं लिहून द्यायचं आणि शनिवारी पालकांच्या सभेत स्वतः वाचून दाखवायचं. उभ्या आयुष्यात मी कुणाची माफी मागितली नव्हती. ज्याने मागायला लावली त्याच्याशी भांडलो होतो. एक शब्द तरी कमी करून घ्यावा म्हणून मी अर्धा तास घासाघीस केली. 'पूर्णपणे' काढा, म्हणालो. नाही काढलं.

शेवटी म्हणालो, "आधी पोरीच्या फॉर्मवर सही करा. मग मी यावर करतो."

"आधी तुम्ही."

आम्ही दोघांनी एकाच वेळी सह्या केल्या, टेबलाच्या दोन बाजूंना.

सभेत मी तो कागद वाचला. वर्गाच्या बाकांवर पालक कोंबून बसले होते. माझा आवाज मोठा आहे, पण मागच्या ओळीतून "ऐकू येऊन नाही राह्यलं!" अशी हाक आली आणि मला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. सभेनंतर शाळेने काही गोष्टी खरंच सुरू केल्या. फाटकावर एक बाई नेमली. सगळ्याच गाड्यांतली मुलं सडकेऐवजी आत उतरू लागली. पोर आलं नाही तर घरी निरोप जाऊ लागला. पोरांचे विळे ठेवायला शिपायाच्या खोलीत एक पेटी आली. सगळं श्रेय संस्थेला मिळालं. संस्थेच्या वार्षिक अंकात दोन पानं छापून आली, त्यांत कुठल्याही जीपचा उल्लेख नाही.

आणि पुढचं आत्ताच सांगून टाकतो, कारण ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. जूनमध्ये शाळेने पोरं आणायचं काम माझ्याकडून काढून संस्थेच्या सेक्रेटरीच्या साडूला दिलं. बंद दारांची मोठी गाडी होती त्याची. मी जाब विचारायला गेलो तर माझ्यासमोर माझाच कागद ठेवला. "ड्रायव्हरने स्वतः निष्काळजीपणा कबूल केला आहे." माझ्याच सहीचा. आजही त्या शाळेवरून जायची वेळ आली तर मी मागच्या गल्लीने जातो. लोक म्हणतात, सोड आता. नाही सोडत.

पण अर्चनाचं राहिलं. फॉर्म गेला होता, तरी पुंडलिकराव तिला पाठवायला तयार नव्हते. मी पुन्हा गेलो नाही. मला तोंड नव्हतं. सोमवारी सकाळी कुसुमबाई तिला स्वतः थांब्यावर घेऊन आली. वेचणीची ओटी कमरेला बांधलेलीच होती. "तिच्या ओळी मी वेचीन, म्हटलं तिच्या बाबाले," ती म्हणाली, आणि पोरीचं दप्तर माझ्यासमोर धरलं. "पाहा. आधी पाहून घ्या."

मी पाहिलं. पाहावंच लागलं.

त्या दिवसापासून मार्चपर्यंत अर्चना त्याच कोपऱ्यात बसून आली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पोट्टे चिडवायचे, त्यांना ती उत्तरं द्यायची. मला नाही. मी आरशात पाहिलं की ती पुस्तकात. हॉर्न मी रोज देत होतो आणि पोरं खरंच पोचल्याशिवाय देत नव्हतो. ते तिला माहीत असेल किंवा नसेल.

शेवटचा पेपर भूगोलाचा होता. परतताना गाडीत बाकी कुणी नव्हतं. ती पुढे, माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. पळसोडीच्या अलीकडे तिच्या वावरापाशी मी गाडी थांबवली. ती उतरेना.

"काका," ती म्हणाली, "इळा कायचा होता, तुमाले मालूम होतं न?"

"होतं."

"अन् तुमीच त्या दिवशी सीटखाली ठेवू दिला नाही, हे बी मालूम होतं?"

"होतं, पोरी."

"मंग काहून दिला सरले?"

मी म्हणालो, "पोट्टे हसले. मले राग आला."

तिने दप्तर खांद्याला लावलं. मग म्हणाली, "बाबा म्हणत होते, शाळेत कोणी काही करन. माय म्हणे, गाडीतलं कोणी करन. मी म्हणली, गाडीत तर काका आहेत."

ती उतरली आणि दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.